सुखाने जा, पोटभर जेवा

भाऊ असो की बहीण, अंगावर धड कपडा नाही आणि आजच्या जेवणाची सोय नाही. तुमच्यातला कुणी त्यांना म्हणतो, सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर जेवा. आणि त्यांना लागतं ते मात्र काहीच देत नाही. मग त्या बोलण्याचा उपयोग काय? बायबलच्या नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात, हा प्रसंग दोन वचनांत येऊन जातो. दाराचा उल्लेख त्यात कुठे नाही, पण मला तो नेहमी दारात घडताना दिसतो. आतल्या माणसाचा हात अजून कडीवर आहे आणि बाहेरच्याची नजर आतल्या चुलीकडे.

या माणसानं वाईट काय बोललं? काहीच नाही. शिवी दिली नाही, हाकलून दिलं नाही. 'सुखाने जा', म्हणजेच 'शांतीने जा', हा तर आशीर्वाद आहे, उपासना संपली की आपणही एकमेकांना तोच देतो. शक्यता अशी की त्याला खरोखर वाईट वाटलं असेल. चार चांगले शब्द बोलून झाले, मन हलकं झालं, आणि आपण काहीतरी केलं असं समाधान त्याला मिळालं. समोरच्याच्या पोटात काही गेलं नाही, एवढंच राहिलं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

सध्या आमच्या बुधवारच्या घरगुती प्रार्थनासभेत हे पत्र वाचायला घेतलं आहे. फक्त पाच अध्याय, एकशे आठ वचनं. एका बैठकीत अर्ध्या तासात वाचून होतं. लहानपणापासून त्यावर जे संदेश ऐकले ते जवळजवळ सगळे एकाच वचनावर होते: क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे. त्यामुळे हे पत्र म्हणजे विश्वास आणि कृती यांच्यावरचा एक वाद, असंच डोक्यात बसलं होतं. आता सलग वाचताना दुसरंच काही दिसतं आहे. पहिल्या अध्यायापासून शेवटच्या अध्यायापर्यंत याकोब आपल्या तोंडाच्या मागे लागलेला आहे. ऐकायला चटकन तयार असा, बोलायला सावकाश. जिभेला लगाम नसेल तर तुमचा धर्म फुकट. श्रीमंताला काय म्हणता, गरिबाला काय म्हणता. भुकेल्याला काय म्हणता. एकमेकांच्या पाठीमागे काय बोलता. उद्याच्या व्यापाराच्या गप्पा कशा मारता. शपथा का घेता. आणि शेवटी, आजाऱ्याजवळ बसून काय बोलावं. क्रियांवाचून विश्वास मेलेला आहे हे वचन या सगळ्या बोलण्याच्या मधोमध येतं. तिथे ठेवून वाचलं की ते वादाचं वाक्य वाटत नाही, दारातल्या त्या माणसाला दिलेलं उत्तर वाटतं.

पत्र लिहिणारा स्वतःबद्दल फार थोडं सांगतो. देवाचा आणि प्रभू येशू ख्रिस्ताचा दास याकोब, एवढीच ओळख. जुनी परंपरा म्हणते की हा येशूचा भाऊ. मार्काच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्यानं लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, नासरेथचे लोक येशूच्या भावांची नावं घेतात त्यात याकोबाचं नाव पहिलं आहे. (हे सख्खे भाऊ की नात्यातले, यावर कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मंडळींत जुना मतभेद आहे, त्यात मी इथे पडत नाही.) योहानाचं शुभवर्तमान स्पष्टच सांगतं की त्याच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. पुढे प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो की पुनरुत्थित येशू याकोबाला दिसला. आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत हा याकोब यरुशलेमेतल्या मंडळीचा, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाचा, पुढारी झालेला दिसतो. येशूचा शिष्य पेत्र तुरुंगातून सुटतो तेव्हा आधी म्हणतो, हे याकोबाला कळवा.

पत्रातली ग्रीक भाषा चांगली घोटीव आहे, म्हणून गालीलातल्या सुताराच्या घरातला माणूस असं लिहील का, असा प्रश्न अनेक अभ्यासक विचारतात. काहींच्या मते त्याच्या शिकवणीवरून नंतरच्या कुणीतरी हे लिहून काढलं. वाद जुना आहे. चौथ्या शतकात युसेबियस या ख्रिस्ती इतिहासकारानं हे पत्र शंका घेतल्या जाणाऱ्या लिखाणांत धरलं होतं. मला एवढं दिसतं की लिहिणाऱ्याच्या पायाखालची जमीन त्या मुलखातली आहे. पाचव्या अध्यायात शेतकरी पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहतो. पॅलेस्टाईनमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहिला पाऊस पडला की पेरणी होते, आणि मार्च-एप्रिलच्या शेवटच्या पावसानं दाणा भरतो. आपला पाऊस नेमका या दोन्हींच्या मधल्या मोकळ्या महिन्यांत येतो, म्हणून आपल्या वाचकाला ते वचन थोडं थांबून वाचावं लागतं. उन्हाबरोबर येणारा होरपळवणारा वारा, अंजीर, जैतून, द्राक्षवेल, गोड आणि खारे झरे, हे सगळं तिथलंच.

आणि गरिबीही तिथलीच. क्लौद्य या रोमी कैसराच्या काळात यहुदीयात मोठा दुष्काळ पडला. नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात त्याचा उल्लेख आहे, आणि जोसीफस हा यहुदी इतिहासकारही तो नोंदवतो. मेसोपोटेमियातल्या अदियाबेन राज्याची राणी हेलेना त्या वेळी यरुशलेमेत आली होती. लोक उपाशी मरताना पाहून तिनं माणसं पाठवून अलेक्झांड्रियाहून धान्य आणि सायप्रसहून सुके अंजीर जहाजानं मागवले आणि वाटले. हाच जोसीफस पुढे सांगतो की मुख्य याजक हनन्याचे नोकर खळ्यांवर जात आणि याजकांच्या वाट्याचा दशांश, म्हणजे पिकाचा दहावा भाग, जबरदस्तीनं उचलून आणत, विरोध करणाऱ्याला मारत. त्यामुळे गरीब याजक अन्नावाचून मेले. देवळाच्या नावानं आलेलं धान्य देवळातल्याच मोठ्यांनी पळवलं. ज्या शहरात हे चालू होतं त्याच शहरात याकोबाची मंडळी जमत होती. तेव्हा पाचव्या अध्यायात तो श्रीमंतांवर एवढा कडाडतो, तुमचं सोनं-रुपं गंजलं, तुमच्या कपड्यांना कसर लागली म्हणतो, ते कुठल्या पोथीतून आलेलं नाही.

त्या कडाडण्यातलं एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. तुमची शेतं कापणाऱ्या मजुरांची जी मजुरी तुम्ही अडकवून ठेवली आहे, ती ओरडते आहे. मजूर ओरडतो ते वेगळं सांगितलं आहे, त्याची हाक देवाच्या कानापर्यंत गेली म्हणून. पण त्याच्याही आधी मजुरी ओरडते. मालकाच्या पेटीत पडलेले दुसऱ्याच्या हक्काचे पैसे तिथेच बसून आरडाओरडा करतात. तोंडाबद्दल एवढं बोलणाऱ्या या पत्रात इथे पैशालाच तोंड फुटलं आहे.

याच्या मागे मोशेचं नियमशास्त्र आहे. त्यातल्या लेवीय पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय काढून शेजारी ठेवावा. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, हे सगळ्यांना पाठ असलेलं वचन त्याच अध्यायातलं. पण त्याच्या वर चारपाच वचनं गेलं की आणखी काय काय आहे: मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःकडे ठेवू नको, न्याय करताना गरिबाकडेही झुकू नको आणि मोठ्याचंही तोंड पाहू नको, लोकांत चहाड्या करत फिरू नको. मजुरी, तोंडदेखलेपणा, चहाडी. याकोबाच्या पत्रातले तीन मोठे विषय तिथे जवळजवळ एकाच ठिकाणी पडलेले आहेत. तो शेजाऱ्यावरच्या प्रीतीच्या आज्ञेला राजमान्य नियम म्हणतो, आणि त्या आज्ञेचा आजूबाजूचा परिसरही सोबत घेतो. प्रीती हा शब्द हवेत राहू नये याची त्यानं घेतलेली ही काळजी आहे असं मी मानतो.

सकाळपर्यंत ठेवू नको. रोजंदारी म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्यालाच या तीन शब्दांचं वजन कळतं. जोसीफसची आणखी एक नोंद आहे: यरुशलेमेच्या देवळाचं बांधकाम अखेर पूर्ण झालं तेव्हा अठरा हजारांहून अधिक कामगार बेकार झाले, आणि त्या कामावर जो दिवसातला एक तासभर जरी राबला त्याला त्याची मजुरी लगेच मिळत असे. एका मोठ्या बांधकामावर हा नियम पाळला जात होता. शेतांवर तो पाळला जात नव्हता, म्हणून याकोबाला लिहावं लागलं.

माझी आजी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहायची. वाचता येत नव्हतं तिला. शेत थोडंसंच, पण खुरपणीला आणि कांदा काढायला बाया लावाव्या लागत. गावात पद्धत अशी की मजुरी आठवड्याच्या बाजारच्या दिवशी द्यायची. आजी रोजची रोज द्यायची. उन्हं कलली की ती ओट्यावर येऊन बसायची. बाया हौदावर हातपाय धुवायच्या, खुरप्याची माती काढायच्या, आणि आजी कमरेच्या चंचीतून नोटा काढून एकेकीच्या तळहातावर ठेवायची. पैसे कमी पडले तर शेजारून उसने आणायची, पण बाईला उद्या ये म्हणायची नाही. धाकटे काका एकदा म्हणाले होते, "आई, बाजारच्या दिवशी दिलं तर हिशोब सोपा जातो." त्यावर आजी म्हणाली, "हिशोब तुझा सोपा जातो. तिची चूल आज आहे." हे याकोबाच्या पत्रातून तिला कळलं होतं, की पाळकसाहेबांच्या तोंडून, की तिच्या स्वतःच्या रोजंदारीच्या दिवसांतून, हे मला सांगता येणार नाही. मी पाचवा अध्याय वाचतो तेव्हा मला ती चंची दिसते.

तोंडदेखलेपणाचा प्रसंगही याकोबानं नुसता उपदेश म्हणून ठेवलेला नाही, तो तुम्हाला सभेत नेऊन बसवतो. एक माणूस आत येतो, बोटात सोन्याची अंगठी, अंगावर झगझगीत कपडे. मागोमाग दुसरा येतो, मळक्या कपड्यांतला. अंगठीवाल्याला तुम्ही म्हणता, या, इथे चांगल्या जागी बसा. दुसऱ्याला म्हणता, तू तिथे उभा राहा, नाहीतर इथे माझ्या पायापाशी बस. इथेही गुन्हा घडतो तो बोलण्यातच. दोन वाक्यं, दोन माणसांना. आणि ती कुणी राजवाड्यात बोलत नाही, जिथे देवाच्या नावानं लोक जमले आहेत तिथे बोलतो.

एका मंडळीत उपकारस्तुतीच्या सणाला मी पाहुणा म्हणून गेलो होतो. पुढच्या रांगेला पांढरी कव्हरं घातलेल्या खुर्च्या होत्या. एक म्हातारी बाई, हातातल्या टोपलीत मेथीच्या दोन जुड्या आणि चार अंडी घेऊन आली. ऐकू कमी येत असावं, म्हणून सरळ पुढे जाऊन बसली. स्वयंसेवकाच्या बिल्ल्यातला एक तरुण वाकून तिला म्हणाला, "मावशी, मागं बसा, इथं साहेब लोक यायचेत." तो उद्धट नव्हता. आवाज मऊ होता, मावशी म्हणाला, टोपली उचलायला हातही दिला. म्हातारी उठली आणि खांबाजवळच्या सतरंजीवर जाऊन बसली. थोड्या वेळानं साहेब लोक आले आणि सगळी सभा उभी राहिली. याकोबाच्या शब्दांत माझ्या पायापाशी बस हे जे आहे, ते आपण फार सभ्यपणे म्हणायला शिकलो आहोत. गोड बोलल्यानं त्या बाईची जागा पुढे आली नाही.

याकोब इथे एक रोखठोक प्रश्न विचारतो: तुम्हाला कोर्टात खेचणारे कोण? श्रीमंतच ना? मग त्यांच्यासाठी एवढी धावपळ का? मला या प्रश्नात चिडीपेक्षा वेदना अधिक ऐकू येते. ही गरिबांची मंडळी आहे आणि गरीबच गरिबाला खाली बसवत आहेत.

मग तिसरा अध्याय. हा सगळा जिभेवर आहे, आणि त्याची सुरुवात शिक्षकांपासून होते. तुमच्यापैकी फार जणांनी शिक्षक होऊ नये, कारण आपला न्याय अधिक कडक होणार. 'आपला' म्हणतो, स्वतःला त्यात धरून. जो माणूस बोलण्यावरच जगतो, पाळक, मास्तर, वक्ता, लिहिणारा, त्याच्यापासून तो आरंभ करतो. पुढे दाखले एकामागून एक येतात. घोड्याच्या तोंडातला लगाम, वाऱ्यातलं मोठं गलबत वळवणारं छोटंसं सुकाणू, आणि एवढ्याशा ठिणगीनं पेटणारं केवढं तरी रान. पशू, पक्षी, सरपटणारे, समुद्रातले, सगळे माणसानं वठणीवर आणले, पण जीभ कुणालाच वठणीवर आणता आली नाही. आपल्याकडे जिभेला हाड नाही म्हणतात. याकोब म्हणतो, तिला नरकाची आग लागलेली आहे. तिथे त्यानं नाव वापरलं आहे ते यरुशलेमेच्या दक्षिणेला असलेल्या हिन्नोमच्या दरीचं, जिथे जुन्या राजांच्या काळात पोटची मुलं आगीत होम केली गेली होती. शहरातल्या प्रत्येकाला ती दरी माहीत होती. घरच्या ओट्यावर बसून केलेली चहाडी आणि त्या दरीतली आग यांना त्यानं एका दोरीत बांधलं.

एवढं कडक का, असं आमच्या सभेत एका काकूंनी विचारलं. त्यांचं म्हणणं, बोलण्यानं काय होतं, माणूस विसरून जातो. त्यावर दुसऱ्या एक बाई, ज्या एरवी सभेत गप्प असतात, त्या म्हणाल्या की त्यांच्या लग्नानंतर पहिल्या वर्षी सासरच्या मंडळींपैकी कुणी त्यांच्या माहेराबद्दल एक वाक्य बोललं होतं. बोलणारी व्यक्ती वारली त्यालाही काळ लोटला. वाक्य त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, पण ते अजून जसंच्या तसं आहे हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. काकूंनी पुढे वाद घातला नाही. त्या उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

तिसऱ्या अध्यायात याकोब खरा थांबतो तो एका ठिकाणी. याच जिभेनं आपण प्रभूची स्तुती करतो, आणि याच जिभेनं देवाच्या प्रतिरूपानं घडलेल्या माणसांना शाप देतो. एकाच तोंडातून दोन्ही. झऱ्याच्या एकाच डोळ्यातून गोड आणि कडू पाणी येतं का? अंजिराला जैतुनं लागतात का? हे वाचताना मला मंडळ्यांतली भांडणं आठवतात, ट्रस्टच्या जमिनीवरून, निवडणुकीवरून, अनुदानावरून. ज्यांचा आवाज गीतं गाताना सगळ्यांत वर असतो त्यांचाच बैठकीत वर असतो. ख्रिस्ती मंडळ्यांचंच हे आहे असं मला म्हणायचं नाही. पण याकोबाचं पत्र आमच्याच हातात दिलेलं आहे, तेव्हा उत्तर आधी आम्ही द्यावं. त्याचं कारण सोपं आहे आणि फार खोल आहे: समोरचा माणूस देवाच्या प्रतिरूपानं घडला आहे. त्याला दिलेली शिवी जिथे पोचायची तिथे पोचते.

या पत्राला सगळ्यांत मोठा विरोध झाला तो मात्र दुसऱ्या अध्यायामुळे. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरनं १५२२ साली नव्या कराराचं जर्मन भाषांतर प्रसिद्ध केलं, तेव्हा प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला पेंढ्याचं पत्र म्हटलं, आणि इब्री, यहूदा, प्रकटीकरण या पुस्तकांबरोबर ते अगदी शेवटी टाकलं. त्याची तक्रार समजण्यासारखी आहे. माणूस देवासमोर नीतिमान ठरतो तो विश्वासानं, हे पौलाचं शिक्षण त्याला जीवघेण्या धडपडीनंतर सापडलं होतं. आणि इथे याकोब म्हणतो, नुसत्या विश्वासानं नाही. दोघंही यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याचाच दाखला देतात. शिवाय या पत्रात वधस्तंभ नाही, पुनरुत्थान नाही, येशूचं नावही फक्त दोनदा येतं. लूथरनं पौलाच्या रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात भाषांतर करताना 'विश्वासाने' या शब्दाला मुळात नसलेला 'केवळ' हा शब्द जोडला त्यावरून मोठं वादळ झालं. नव्या करारात 'केवळ विश्वासाने' अशी जोडी आढळते ती एकाच ठिकाणी, याकोबाच्या पत्रात, आणि तिथे ती नाकारलेली आहे.

लूथरचं मोठेपण मी मानतो, पण या पत्राच्या बाबतीत तो चुकला असं मला ठामपणे वाटतं. पौलासमोर प्रश्न होता की यहुदी नसलेल्यांनी सुंता करून घ्यावी का, खाण्यापिण्याचे नियम पाळावेत का. त्याचं उत्तर, नाही, ख्रिस्तावरचा विश्वास पुरे. याकोबासमोर उभे होते ते दारातले उघडे भाऊबहीण. प्रश्न वेगळे, म्हणून उत्तरं वेगळी. आणि येशूचं नाव दोनदाच आलं तरी त्याचं बोलणं पानोपानी आहे. तुमचं होय ते होय आणि नाही ते नाही असावं, हे डोंगरावरच्या प्रवचनातलं वाक्य इथे जवळजवळ जसंच्या तसं आहे. दयाळूंना दया, न्याय करू नका, कसर लागणारी संपत्ती साठवू नका, ऐकून तसं वागणारा माणूस. जो भाऊ घरात त्याचं ऐकत वाढला, तो नाव घेण्याऐवजी त्याच्याच शब्दांत बोलतो आहे, असं वाचताना सारखं जाणवतं.

पौल आणि याकोब या दोघांची यरुशलेमेत भेट झाली होती, हे आपण विसरतो. गलतीकरांस पत्रात पौल स्वतः सांगतो: याकोब, केफा (म्हणजे पेत्र) आणि योहान या आधारस्तंभ समजल्या जाणाऱ्यांनी त्याला आणि त्याचा सोबती बर्णबा याला सहभागितेचा उजवा हात दिला. तुम्ही विदेशी लोकांकडे जा, आम्ही सुंता झालेल्यांकडे. एकच गोष्ट त्यांनी मागितली, गरिबांची आठवण ठेवा. आणि पौल म्हणतो, तेच करायला मी उत्सुक होतो. यानंतर तो ग्रीसकडच्या मासेदोनिया आणि अखयातल्या मंडळ्यांतून यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करत फिरला, आणि ती पोचवायला गेला तेव्हा त्याला अटक झाली. सोळाव्या शतकात ज्यांना एकमेकांसमोर उभं केलं गेलं, त्या दोघांच्या मैत्रीचा करार भाकरीवर झाला होता.

आपल्याकडे या पत्राचं पहिल्या अध्यायातलं शेवटचं वचन एका बाईच्या आयुष्याशेजारी ठेवून पाहावं. देवपित्यासमोर शुद्ध धर्म कोणता, तर अनाथ आणि विधवा यांच्या संकटात त्यांचा समाचार घेणं आणि स्वतःला जगाचा डाग लागू न देणं. पंडिता रमाबाई स्वतः या वचनातल्या होत्या. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी, दुष्काळात आईबाप गेले. लग्नानंतर दोन वर्षांच्या आत, १८८२ मध्ये, पती गेले. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी बाया-मुली घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती ही त्यांची आश्रयसंस्था उभी राहिली. तिथे शेती होती, माग होते, छापखाना होता, आणि तो मुलीच चालवत. दुष्काळातून वाचलेल्या बाईनं दुष्काळातल्या बायांना 'सुखाने जा' म्हटलं नाही. आणि त्याच केडगावात बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या, त्याच्या थोडंसं आधी ते काम हातावेगळं झालं होतं. एका बाजूला भाकरी थापल्या जात आहेत, दुसऱ्या बाजूला ग्रीक कोश उघडा आहे. वचन आणि कृती यांची एवढी लगट मला दुसरीकडे कुठे दिसलेली नाही.

याकोबाला बोलणंच नको होतं असं मात्र कुणी समजू नये. पाचव्या अध्यायात तो तोंडाला काम देतो. कुणी दुःखात आहे? त्यानं प्रार्थना करावी. कुणी आनंदात आहे? त्यानं स्तोत्रं गावीत. कुणी आजारी आहे? मंडळीच्या वडीलजनांना बोलवावं, त्यांनी तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी. आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा. प्रार्थना करायला सांगताना तो म्हणतो, एलीया संदेष्टा आपल्यासारखाच माणूस होता. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की इथली प्रत्येक गोष्ट बोलायला आधी तिथे जावं लागतं. वडीलजन आजाऱ्याच्या घरी येतात, त्याच्या कपाळाला हात लावतात, मग बोलतात. हल्ली आपण फोनवर 'प्रार्थना करतो' लिहितो आणि शेजारी हात जोडल्याचं चित्र टाकतो. ते मनापासून असतं. पण आजाऱ्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवणारं कुणी असलं तर त्या प्रार्थनेला पाय फुटतात. जनरल वॉर्डात आईच्या शेजारी रात्री काढल्या आहेत, म्हणून सांगतो.

याकोबाचा शेवट जोसीफसनं लिहून ठेवला आहे. इ.स. ६२. रोमी सुभेदार फेस्त मरण पावला होता, नवा सुभेदार अल्बिनस अजून वाटेत होता. ती मोकळी संधी साधून मुख्य याजक अन्नस, ज्याच्या बापासमोर येशूला उभं केलं होतं त्याचा हा मुलगा, यानं न्यायसभा बोलावली, याकोबावर आणि आणखी काही जणांवर नियम मोडल्याचा आरोप ठेवला आणि त्यांना दगडमार करवला. पुढची ओळ मला अधिक बोलकी वाटते. शहरातल्या नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहुदी लोकांनाच ते सहन झालं नाही. त्यांनी राजा अग्रिप्पाकडे आणि अल्बिनसकडे तक्रार केली, आणि तीनच महिन्यांत अन्नसाचं पद गेलं. ज्यांचा येशूवर विश्वास नव्हता असे शेजारी याकोबासाठी उभे राहिले. त्याचं वागणं त्यांनी रोज पाहिलं होतं. दुसऱ्या शतकातल्या हेगेसिप्पस या ख्रिस्ती लेखकानं नंतर नोंदवलेली आठवण अशी की प्रार्थनेत सतत टेकून टेकून त्याचे गुडघे उंटाच्या गुडघ्यांसारखे निबर झाले होते.

पत्राला नेहमीसारखा समारोप नाही. पौलाची पत्रं सलाम आणि आशीर्वाद देऊन संपतात, हे तसं संपत नाही. सत्यापासून बहकलेल्याला कुणी परत वळवलं तर तो एक जीव मरणापासून वाचवील आणि पापांची रास झाकील, एवढं म्हणून याकोब लेखणी ठेवतो. गेल्या बुधवारी आम्ही ही वचनं वाचली तेव्हा एका भावाचं नाव निघालं. कारखान्यात काम करणारा, कर्जात अडकलेला, बरेच दिवस उपासनेला न येणारा. त्याच्याबद्दल बोलायला सगळ्यांकडे काही ना काही होतं. पाळकसाहेबांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि कोण जाणार ते विचारलं. दोघांची नावं ठरली. या आठवड्यात त्याची रात्रपाळी आहे, सकाळी झोपलेला असतो, म्हणून शनिवारी चारनंतर जायचं आहे. हप्त्याचं काय करता येईल हे पतपेढीत काम करणाऱ्या एकानं आधी विचारून ठेवायचं कबूल केलं आहे.